नाव आणि साहाय्य : बांगलादेशातील आंतरराष्ट्रीय साहाय्यकार्याची सांगता (१९७१–१९७३)

युद्ध, दुष्काळ किंवा लोकसमूहांचे स्थलांतर अशा आपत्तीच्या प्रसंगी परराष्ट्रांकडून येणाऱ्या साहाय्याचा इतिहास बहुधा त्याच्या आरंभाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आवाहन कोणी केले, धान्य कोठून आले, पहिले जहाज केव्हा लागले ह्या गोष्टींची नोंद होते. त्या कार्याची सांगता कशी झाली ह्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः राजनयाची खरी कसोटी आपत्ती ओसरू लागल्यावरच असते. आरंभी संकटाची तीव्रताच परस्परविरोधी पक्षांना काही काळ एकत्र आणते. अखेरीस ती तीव्रता उरत नाही, आणि मग आपत्ती संपली असे कोणी म्हणावयाचे, कोणाच्या अधिकाराने म्हणावयाचे आणि उरलेले काम कोणाकडे सोपवावयाचे हे प्रश्न उघडे पडतात.

प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नांचा विचार बांगलादेशाच्या उदाहरणावरून करण्याचे योजिले आहे. त्यासाठी एक साधे साधन हाती घेतले आहे. १९७१ ते १९७३ ह्या अवधीत संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकाच साहाय्यकार्यास तीन वेगवेगळी नावे लाभली. प्रथम ते 'पूर्व पाकिस्तान साहाय्यकार्य' होते. पुढे ते 'डाक्का येथील साहाय्यकार्य' झाले. आणि अखेरीस 'बांगलादेशातील साहाय्यकार्य' ह्या नावाने ते समाप्त झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या तिन्हींस अनुक्रमे 'युनेप्रो', 'अनरॉड' आणि 'अनरॉब' असे म्हणत. कार्य तेच, भूमी तीच, भुकेली माणसेही तीच. बदलले ते नाव. हा बदल कार्यालयीन लेखनाचा एक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. सांगतेच्या काळातील राजनय ह्या नावांतच साठवलेला आहे.

१

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने डाक्का (आजचे ढाका) येथे दडपशाहीस प्रारंभ केला. त्यानंतर पूर्व बंगालमधून भारतात येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. २३ एप्रिल रोजी भारताचे संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधी समर सेन ह्यांनी साहाय्याची मागणी केली, आणि २९ एप्रिल रोजी सरचिटणीस ऊ थांट ह्यांनी निर्वासितांसाठी नेमलेले उच्चायुक्त सदरुद्दीन आगाखान ह्यांना सर्व संस्थांच्या साहाय्याचा 'फोकल पॉइंट', म्हणजे केंद्रबिंदू, म्हणून नेमले.

हा शब्दप्रयोग लक्ष देण्यासारखा आहे. प्रकाशशास्त्रात जेथे किरण एकत्र येतात तो हा बिंदू. तो किरणांना आज्ञा करीत नाही. त्यांचे एकत्र येणे केवळ त्याच्या ठायी घडते. 'संचालक' किंवा 'प्रमुख' असा शब्द वापरला असता तर भारताच्या सार्वभौम अधिकाराचा, तसेच बालक निधी, अन्न कार्यक्रम व आरोग्य संघटना ह्यांच्या स्वायत्ततेचा प्रश्न तत्काळ उपस्थित झाला असता. 'केंद्रबिंदू' ह्या शब्दाने अधिकार न सांगता जबाबदारी सांगितली. सीमेपलीकडे, पूर्व पाकिस्तानात, संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे स्वतंत्र कार्य उभे राहिले. त्यासाठी ऊ थांट ह्यांनी १६ जून १९७१ रोजी आवाहन केले, आणि त्यासच पुढे 'पूर्व पाकिस्तान साहाय्यकार्य' हे नाव मिळाले. एकाच आपत्तीच्या दोन बाजूंस अशा रीतीने दोन यंत्रणा निर्माण झाल्या.

भारतातील कार्याचा व्याप असाधारण होता. डिसेंबर १९७१ च्या आरंभीच्या मोजणीनुसार निर्वासितांची संख्या ९८,९९,३०५ इतकी होती. त्यांपैकी सुमारे ६८ लक्ष लोक ८२५ छावण्यांत होते, तर सुमारे ३१ लक्ष लोक नातलगांच्या व अन्य कुटुंबांच्या आश्रयास होते. एकट्या पश्चिम बंगालमध्ये ७२ लक्षांहून अधिक, आणि त्रिपुरासारख्या लहान राज्यात सुमारे १४ लक्ष लोक होते. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे १९७१–७२ ह्या आर्थिक वर्षात भारतावर पडणारा बोजा ७० कोटी डॉलरांच्या घरात जाणारा होता. केंद्रबिंदूच्या द्वारा आलेले साहाय्य एकंदर सुमारे १८ कोटी ३० लक्ष डॉलर इतके भरले. उरलेला भार मुख्यतः भारतीय करदात्याने वाहिला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा अधिभार बसला, आणि कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातून निघालेल्या पत्रावरही 'शरणार्थी सहायता' असे शब्द असलेले जादा तिकीट दिसू लागले.

ह्या तिकिटावरील शब्द हिंदी होता; मराठी वृत्तपत्रे त्याच लोकांना 'निर्वासित' म्हणत. दोन्ही शब्द संस्कृतोत्पन्न असले तरी त्यांची घडण भिन्न आहे. 'निर्वासित' हे कर्मणी धातुसाधित आहे. कोणीतरी त्यास घराबाहेर घातले आहे असे त्यात गृहीत असते. 'शरणार्थी' ह्या शब्दात बाहेर घालणारा दिसत नाही. दिसतो तो केवळ आश्रय मागणारा. म्हणूनच पहिल्या शब्दाने वर्णिलेली आपत्ती तो मनुष्य घरी परतल्यावाचून संपत नाही, तर दुसऱ्या शब्दाने वर्णिलेली आपत्ती त्यास कोठेही छप्पर मिळाले की संपली असे म्हणता येते. १९७१ मधील राजनयिक वादाचे मूळ नेमके येथेच होते.

२

त्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून परतीचा प्रश्न वादाचा झाला. १९ जुलै रोजी ऊ थांट ह्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंस उच्चायुक्तांचे प्रतिनिधी ठेवावेत अशी सूचना केली. पाकिस्तानने ती स्वीकारली. भारताने २ ऑगस्ट रोजी ती नाकारली. पूर्व बंगालमध्ये राजकीय तोडगा निघाल्याशिवाय निर्वासित परतणार नाहीत, आणि निरीक्षक नेमल्याने हा प्रश्न दोन शेजाऱ्यांच्या भांडणासारखा भासेल, अशी भारताची भूमिका होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दृष्टीने मात्र परतीची सोय हे मानवतेचे कार्य होते, आणि ते राजकारणापासून वेगळे ठेवणे शक्य व इष्ट होते.

ह्या दोन्ही भूमिकांत तथ्य होते. परंतु पुढील घटनांनी भारताचे निदान अधिक अचूक ठरविले. ३ डिसेंबर रोजी युद्ध पेटले, १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी सैन्याने डाक्का येथे शरणागती पत्करली, आणि ज्या परतीसाठी महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या होत्या ती काही आठवड्यांत घडून आली. जानेवारी १९७२ मध्ये परतणाऱ्यांचा दैनिक ओघ दोन लक्षांच्या वर गेला. निघताना प्रवासापुरते अन्न आणि दोन आठवड्यांची शिधासामग्री देण्यात येई. बांगलादेशात वाटेवर २७१ मुक्कामी छावण्या उभारल्या होत्या. जानेवारीअखेर सुमारे ६० लक्ष लोक परतले होते, आणि २५ मार्च १९७२ रोजी, म्हणजे दडपशाहीच्या आरंभास बरोबर एक वर्ष पूर्ण होत असता, भारतात केवळ सुमारे ६०,००० निर्वासित उरल्याचे सांगण्यात आले.

भारताच्या बाजूने आपत्ती संपली होती. केंद्रबिंदूचे प्रयोजनही संपले होते. सीमेच्या दुसऱ्या बाजूस मात्र खरी अडचण ह्याच वेळी सुरू झाली. एक कोटी माणसे घरी परतली, पण घर, बैल, बी-बियाणे, पूल, रेल्वे आणि बंदर ह्यांपैकी बरेच काही उरले नव्हते. एका देशातील आपत्तीची सांगता हा दुसऱ्या देशातील आपत्तीचा नवा अध्याय ठरला. आणि ह्या दुसऱ्या देशास संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरात अद्याप नाव नव्हते.

३

नावाचा पेच किती तीव्र होता हे एका योगायोगावरून ध्यानात येईल. ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशास मान्यता दिली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २७९० क्रमांकाचा ठराव संमत केला. त्यात केंद्रबिंदूच्या व पूर्वेकडील साहाय्याच्या कार्यास पाठिंबा होता, आणि त्या प्रदेशाचा उल्लेख 'पूर्व पाकिस्तान' असाच होता. २१ डिसेंबर रोजी सुरक्षा परिषदेने ३०७ क्रमांकाचा ठराव केला. निर्वासितांचे पुनर्वसन व्हावे आणि त्यांनी सुरक्षितपणे व सन्मानाने आपल्या घरी परतावे असे त्यात म्हटले होते. 'आपल्या घरी' असे म्हटले म्हणजे ते घर कोणत्या राष्ट्रात आहे हे सांगावे लागत नाही. बांगलादेश हा शब्द ठरावात नाही.

साहाय्यकार्याचे नाव बदलले ते ह्याच डिसेंबरच्या उत्तरार्धात. 'पूर्व पाकिस्तान' म्हणणे आता अशक्य होते. त्या नावाने आलेल्या अधिकाऱ्याशी डाक्का येथील नवे सरकार बोललेच नसते. 'बांगलादेश' म्हणणेही अशक्य होते. पाकिस्तान त्या भूमीवरील आपला हक्क सोडावयास तयार नव्हते. मान्यता देणाऱ्या राष्ट्रांशी त्याने संबंध तोडले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी राष्ट्रकुलाचा त्याग केला. चीनचा विरोध होता, आणि अमेरिकेने ४ एप्रिल १९७२ पर्यंत मान्यता दिली नव्हती. अशा स्थितीत 'डाक्का येथील' हे विशेषण योजले गेले. ते शहराचे नाव होते. शहर कोणाचे हे त्यातून सूचित होत नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने ही केवळ अधिकरणाची योजना आहे: कार्य कोठे चालते एवढेच ती सांगते, कोणासाठी व कोणाच्या संमतीने चालते ते सांगत नाही.

ही पळवाट म्हणून तिची उपेक्षा करणे न्याय्य होणार नाही. ह्या नावाच्या आश्रयाने पंधरा महिन्यांहून अधिक काळ धान्य, तंबू, औषधे व लहान जहाजे येत राहिली. ज्या सरकारांना बांगलादेशास मान्यता देणे अडचणीचे होते त्यांनाही ह्या कार्यास वर्गणी देता आली, कारण ती 'डाक्का'स दिली जात होती. २५ ऑगस्ट १९७२ रोजी चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा सभासदत्वाचा अर्ज रोखला; तथापि साहाय्यकार्य त्यामुळे थांबले नाही. ज्या संघटनेच्या सभागृहात त्या राष्ट्रास आसन नव्हते, त्याच संघटनेचे अधिकारी त्या राष्ट्राच्या मंत्र्यांबरोबर दररोज धान्याचे हिशेब करीत होते. नाव मौन राहिले म्हणूनच हे शक्य झाले.

४

ह्या कार्याची सूत्रे एप्रिल १९७२ पासून न्यूयॉर्क येथे सर रॉबर्ट जॅक्सन ह्यांच्या हाती होती. डाक्का येथील प्रमुखपद प्रथम टोनी हागेन ह्या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाकडे व नंतर व्हिक्टर उमब्रिख्ट ह्यांच्याकडे होते. जॅक्सन हे ऑस्ट्रेलियन. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप व चीनमध्ये कार्य करणाऱ्या 'अन्रा', म्हणजे संयुक्त राष्ट्र साहाय्य व पुनर्वसन प्रशासन, ह्या संस्थेचे ते वरिष्ठ उपमहासंचालक होते. त्या संस्थेची सांगता त्यांनी जवळून पाहिली होती. १९४६ च्या अखेरीस तिचे महासंचालक फिओरेल्लो ला ग्वार्डिया ह्यांनी पुढील वर्षासाठी ४० कोटी डॉलरांचा आंतरराष्ट्रीय अन्ननिधी असावा अशी योजना मांडली. अमेरिका व ब्रिटन ह्यांनी ती नाकारली. ह्यापुढे कोणास साहाय्य द्यावयाचे ते देणाऱ्या राष्ट्राने स्वतः ठरवावे, असे अमेरिकेचे मत पडले. त्यानंतर संयुक्त यंत्रणा मोडली आणि द्विपक्षीय साहाय्याचे युग आले.

बांगलादेशातही तीच प्रवृत्ती लवकर दिसू लागली. युद्धात बुडालेल्या जहाजांनी व पेरलेल्या सुरुंगांनी चितगाव बंदर अडले होते. ते मोकळे करण्याचे काम मार्च १९७२ मधील करारान्वये सोव्हिएत नौदलाकडे गेले. एप्रिल १९७२ पासून जून १९७४ पर्यंत ते तेथे होते. चालना बंदरातील बुडीत जहाजे काढण्याचे काम संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाट्यास आले. एका राष्ट्राच्या दोन बंदरांपैकी एक द्विपक्षीय करारात व दुसरे बहुपक्षीय कार्यात, अशी ही विभागणी झाली. मोठी धान्यवाहू जहाजे किनाऱ्याजवळ येऊ शकत नसत. म्हणून 'मॅनहॅटन' हे प्रचंड तेलवाहू जहाज समुद्रात नांगरून त्याचे तरते कोठार करण्यात आले व तेथून लहान बोटींनी धान्य आत नेण्यात आले. समन्वय म्हणजे बैठकांतील सौजन्य नव्हे. कोणत्या बोटीत किती टन धान्य, कोणत्या घाटावर, कोणत्या आठवड्यात, हे एका ठिकाणी ठाऊक असणे म्हणजे समन्वय होय. हे ज्ञान 'अनरॉड'च्या कार्यालयात साठत गेले, आणि त्या कार्याचे तेच सर्वांत मौल्यवान फलित होते.

१९७२ च्या पावसाने ह्या हिशेबात नवी अडचण आणली. तोवर बांगलादेशास सर्वांत मोठा व सर्वांत जलद धान्यपुरवठा भारताकडून होत होता. त्या वर्षी भारतात मोसमी पाऊस अपुरा पडला आणि महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या मजुरांच्या रांगा आणि सुकडीचे वाटप ही त्याची चित्रे मराठी वाचकास परिचित आहेत. त्याच सुमारास सोव्हिएत संघाने अमेरिकेत प्रचंड गहू खरेदी केला व जागतिक भाव चढले. १९७३ मध्ये भारतालाच सोव्हिएत संघाकडून २० लक्ष टन गहू उसना घ्यावा लागला. साहाय्य देणारे राष्ट्र साहाय्य घेणारे झाले. अशा वेळी सर्व पुरवठ्याकडे एकत्रित पाहणाऱ्या कार्यालयाची आवश्यकता कमी झाली नव्हती. ती वाढली होती.

५

१ एप्रिल १९७३ रोजी 'डाक्का' हा शब्द गळला व 'बांगलादेश' हा शब्द आला. बहुसंख्य राष्ट्रांनी तोवर मान्यता दिली होती, आणि काही विशेष संघटनांनी त्या राष्ट्रास सभासद करून घेतले होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळण्यास मात्र १७ सप्टेंबर १९७४ पर्यंत अवकाश होता. म्हणजे साहाय्यकार्याच्या नावात बांगलादेश हे राष्ट्र संघटनेच्या सभागृहापूर्वी जवळजवळ दीड वर्ष दाखल झाले. भारतात ह्याच्या आदल्याच दिवशी, ३१ मार्च १९७३ रोजी, टपालावरील पाच पैशांचा अधिभार संपला होता. निर्वासित परतून एक वर्ष लोटले तरी तो चालू होता. आपत्तीची समाप्ती छावणीत एका दिवशी होते, खजिन्यात दुसऱ्या दिवशी आणि दप्तरात तिसऱ्याच दिवशी, हे ह्यावरून दिसते.

नवे नाव सन्मानाचे होते. परंतु त्याबरोबरच शेवटही जवळ आला. जोवर कार्याचे नाव केवळ स्थळवाचक होते तोवर ते असाधारण होते, कारण तेथे मान्य असे राष्ट्र नव्हते. आता राष्ट्र होते. आणि मान्य राष्ट्राशी व्यवहार करण्याची रीत ठरलेली असते: वकिलाती, विकास कार्यक्रम, जागतिक बँक, द्विपक्षीय करार. असाधारण कार्यालयाचे समर्थन करणारे कारण नावाबरोबरच नाहीसे झाले. ३१ डिसेंबर १९७३ रोजी 'अनरॉब' बंद झाले. सांगतेचे काही धागे अन्यत्र चालू राहिले. २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानुसार उच्चायुक्तांनी पाकिस्तानातील बंगाली व बांगलादेशातील अ-बंगाली लोकांची विमानाने अदलाबदल केली. १ जुलै १९७४ पर्यंत सुमारे २,३१,००० माणसे ह्या मार्गाने गेली. जेथे तिन्ही सरकारांचे हित जुळत होते तेथे समन्वय टिकला.

अन्नाच्या बाबतीत तसे घडले नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात मोठे पूर आले, भाताचे भाव भडकले आणि रंगपूर, मैमनसिंग व सिल्हेट ह्या जिल्ह्यांत दुष्काळ पडला. अधिकृत आकडाच २६,००० मृत्यूंचा आहे. अन्य अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. ह्याच काळात बांगलादेशाने क्यूबास तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेच्या सवलतीच्या धान्यास त्या देशाच्या कायद्याची आडकाठी आली, आणि धान्य वेळेवर पोचले नाही.

ह्या दुष्काळाचे कारण 'अनरॉब'ची समाप्ती होय असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले आहे की, १९७४ मध्ये दरडोई उपलब्ध धान्य आधीच्या व नंतरच्या वर्षांहून कमी नव्हते. मजुराची ते विकत घेण्याची शक्ती नष्ट झाली होती. परंतु ह्या निष्कर्षाने प्रस्तुत मुद्दा दुर्बळ होत नाही. धान्य देशात आहे आणि तरी विशिष्ट जिल्ह्यातील मजुरापर्यंत पोचत नाही, हे ज्यास दिसू शकले असते असे कार्यालय आदल्याच वर्षी मिटले होते. अनेक दात्यांकडून एकाच मार्गाने धान्य येत असता एका दात्याने घातलेली अट तितकी निर्णायक ठरत नाही; दाता व घेता असे दोघेच समोरासमोर उरले की तीच अट प्राणांतिक ठरू शकते.

६

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, साहाय्यकार्याची समाप्ती ही गरजेच्या समाप्तीहून वेगळी घटना आहे. बांगलादेशात ती राष्ट्रमान्यतेच्या क्रमाने घडली, भुकेच्या क्रमाने नव्हे. दुसरी अशी की, राजनयिक भाषेतील संदिग्धता ही नेहमी कातडीबचाऊ नसते. 'केंद्रबिंदू' व 'डाक्का येथील' ह्या दोन शब्दयोजनांनी जे काम केले ते अधिक स्पष्ट शब्दांना साधले नसते. तिसरी, आणि अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही की, ज्या दिवशी शब्द स्पष्ट होतात त्या दिवशी संदिग्धतेने दिलेले संरक्षणही जाते. राष्ट्रास त्याचे नाव मिळणे न्याय्यच होते. त्या नावाबरोबर त्याचे असाधारण साहाय्यही काढून घेतले जावे हे मात्र अपरिहार्य नव्हते. तो एक निर्णय होता, आणि तो धान्याच्या हिशेबाकडे न पाहता घेतला गेला.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९७१ मध्येच आपत्तिनिवारणाच्या समन्वयासाठी एक कायम कार्यालय स्थापण्याचा ठराव केला होता, व मार्च १९७२ पासून ते जिनिव्हा येथे कार्य करू लागले. त्याच्या स्थापनेत आपत्तीचा आरंभ गृहीत होता. आपत्तीच्या शेवटाचा विचार त्यात गौण होता. पुढील कार्यांच्या दप्तरांचे वाचन करताना अभ्यासकांनी आवाहनांच्या तारखांबरोबर समाप्तीच्या तारखाही टिपाव्यात, आणि त्या तारखेच्या दिवशी गोदामात धान्य किती होते हे पहावे. साहाय्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण त्या दोन नोंदींच्या तुलनेतून लिहिता येण्याजोगे आहे.